चमच्याच्या पाठीवरची अक्षरे

जुन्या वस्तूंच्या बाजारात, एखाद्या क्लबच्या भोजनगृहात किंवा आजोबा-पणजोबांच्या काळच्या पेटाऱ्यात कधीकधी चांदीसारखे दिसणारे जड काटे-चमचे, चहाची किटली, तबक अशा वस्तू सापडतात. त्या उलट्या करून पाहिल्या, तर पाठीवर बारीक अक्षरे आणि चित्रे ठोकलेली दिसतात. कुठे मुकुट, कुठे निशाण, कुठे बिगुल, तर कुठे एकेका चौकटीत बसवलेली ई, पी, एन, एस ही इंग्रजी अक्षरे. पुष्कळ लोक ही खूण पाहताच म्हणतात, "शिक्का आहे, म्हणजे चांदी अस्सल आहे!" काहीजण याच्या अगदी उलट बोलतात. दोघांपैकी कोणाचेही ऐकून वस्तू मोडीत काढली, तर मोठे नुकसान होऊ शकते.

हे नुकसान किती, याचा हिशेब करून पाहू. समजा, एका चमच्याचे वजन ६२ ग्रॅम आहे. तो इंग्लंडमधील 'स्टर्लिंग' प्रतीच्या चांदीचा, म्हणजे शेकडा ९२.५ भाग चांदीचा असेल, तर त्यात सुमारे ५७ ग्रॅम चांदी आहे. तो नुसता मुलामा दिलेला असेल, तर त्यात चांदी जेमतेम ३ ते ४ ग्रॅम भरेल. दोन्ही चमचे ताटाशेजारी ठेवले तर सारखेच चमकतील. फरक सांगतात त्या पाठीवरच्या खुणा आणि आपल्या शाळेतले पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र.

कल्हई आणि मुलामा

एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर देणे आपल्याला नवे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, म्हणजे तापवलेल्या भांड्यावर नवसागराच्या साहाय्याने कथलाचा पातळ थर चढवतात. त्यामुळे आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकत नाहीत. चांदीच्या मुलाम्याचे तत्त्व याच जातीचे आहे. आत स्वस्त धातू आणि वर न गंजणारा, देखणा, महाग धातू. मात्र हा थर चढवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती इंग्लंडमध्ये एकामागून एक आल्या आणि प्रत्येक पद्धतीच्या खुणा वेगळ्या आहेत. म्हणून खुणा वाचण्याआधी त्या पद्धती समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली पद्धत : उष्णतेने जोडलेली चांदी

शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधील गाव. तेथील थॉमस बोल्सोव्हर या कारागिराने १७४३ च्या सुमारास एक शोध लावला. तांबे व चांदी असलेली सुरीची मूठ दुरुस्त करताना ती जास्त तापली आणि दोन्ही धातू एकमेकांना पक्के चिकटले, अशी हकीकत सांगतात. पण खरी गंमत पुढे आहे. हा जोड ठोकून पातळ केला, तेव्हा दोन्ही धातू एकाच प्रमाणात पसरले!

धातू चिकटले कसे? चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे यांचे मिश्रण अवघ्या ७८० अंशांना वितळते. बर्फात मीठ मिसळले की त्याचा वितळणबिंदू खाली येतो, तसाच हा प्रकार. चांदीचा पत्रा तांब्याच्या ठोकळ्यावर दाबून तापवला, की दोघांच्या सीमेवर अणूंची देवघेव होते, तेथे हे मिश्रण तयार होते आणि चांदी किंवा तांबे वितळण्याच्या आतच ते वितळून डाखासारखे काम करते. कारागीर भट्टीच्या झरोक्यातून नजर ठेवत. कडेला चांदी ओलसर चमकू लागली की ठोकळा लगेच बाहेर काढत. मग तो रुळांतून दाबून त्याचा पत्रा करत आणि पत्र्यापासून वस्तू घडवत. या मालाला आज 'ओल्ड शेफील्ड प्लेट' म्हणतात.

या पद्धतीत आधी मुलामा आणि मग घडण, हा क्रम ध्यानात ठेवा. पत्रा कापला की कापलेल्या कडेला आतले तांबे उघडे पडणार. ते झाकण्यासाठी कारागीर कडेवर चांदीची तार डाखत किंवा चांदीची कड आत वळवून घेत. शिवाय पत्रा वळवून घडवलेल्या वस्तूला कुठेतरी सांधा असतोच. भिंगातून असा सांधा किंवा तार बसवलेली कड दिसली, तर वस्तू पहिल्या पद्धतीची असण्याचा संभव वाढतो.

दुसरी पद्धत : विजेने चढवलेली चांदी

१८०० साली व्होल्टाने विद्युतघट बनवला. १८३० नंतरच्या काही वर्षांत फॅराडेने विद्युत अपघटनाचे नियम मांडले. विजेच्या साहाय्याने धातूचा थर देता येतो हे तोवर ठाऊक झाले होते, पण थर एकसारखा आणि घट्ट बसत नसे. ही अडचण बर्मिंगहॅमचे जॉन राइट या शल्यवैद्याने सोडवली. चांदीचे संयुग पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवले, तर थर गुळगुळीत व चिवट बसतो असे त्यांना आढळले. त्याच गावच्या एल्किंग्टन चुलतभावांनी हा शोध विकत घेतला आणि १८४० मध्ये पेटंट मिळवले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शेफील्डची जुनी भट्टीची पद्धत मागे पडली.

या पद्धतीत वस्तू आधी पूर्ण घडवतात. मग ती ऋण अग्राला आणि शुद्ध चांदीचा पत्रा धन अग्राला जोडून दोन्ही द्रावणात बुडवतात. धन अग्रावरची चांदी द्रावणात उतरते व द्रावणातली चांदी वस्तूवर बसते. सांधे, कडा, नक्षीचे खाचखळगे सगळे झाकले जाते. (सायनाइड हे भयंकर विष आहे. हा प्रयोग शाळेत किंवा घरी करून पाहण्याचा नाही.)

फॅराडेच्या नियमाने एक सुंदर हिशेब करता येतो. १ अँपिअरचा प्रवाह १ तास चालू ठेवला, तर सुमारे ४.०२५ ग्रॅम चांदी बसते. युरोपातील काही काटे-चमच्यांवर '९०' हा आकडा ठोकलेला असतो. त्याचा अर्थ शेकडा ९० चांदी असा लावला जातो, पण तो चुकीचा आहे. डझनभर मोठे चमचे व डझनभर काटे, म्हणजे साधारण २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभाग, एवढ्यावर मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली आहे, असे तो आकडा सांगतो. त्यासाठी १० अँपिअरचा प्रवाह किती वेळ लागेल? ९० ला ४०.२५ ने भागा. उत्तर येते सुमारे सव्वादोन तास.

आता थराची जाडी काढू. चांदीची घनता १०.४९. म्हणून ९० ग्रॅम चांदीचे घनफळ ८.५८ घन सेंटिमीटर. ते २४०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर जाडी ०.००३६ सेंटिमीटर, म्हणजे ३६ मायक्रॉन. एका मिलिमीटरचा अठ्ठाविसावा भाग! जोराने घासून-पुसून हा थर का झिजतो, हे आता सांगायला नको.

चांदी नसलेले 'सिल्व्हर'

मुलाम्याच्या आत काय असते? पहिल्या पद्धतीत तांबे. दुसरीत बहुधा 'निकेल सिल्व्हर', म्हणजेच 'जर्मन सिल्व्हर'. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. असा पांढरा मिश्रधातू चीनमध्ये फार पूर्वीपासून बनत होता. १८२० नंतरच्या दशकात जर्मनीतील कारखानदारांनी तो बनवायला सुरुवात केली, म्हणून हे नाव पडले. (आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही 'जर्मनचे पातेले' म्हणतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) हा धातू पांढरा असल्यामुळे वरची चांदी झिजली तरी तांब्यासारखा लाल डाग दिसत नाही, हा त्याचा फायदा. तिसरा धातू 'ब्रिटानिया मेटल'. कथील, अँटिमनी व थोडे तांबे यांचा तो मऊ मिश्रधातू आहे.

आता त्या अक्षरांचे कोडे सुटते. ई. पी. एन. एस. म्हणजे 'इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर', विजेने मुलामा दिलेले निकेल सिल्व्हर. ई. पी. बी. एम. म्हणजे आत ब्रिटानिया मेटल. सोबत 'ए १' असेल, तर तो कारखानदाराने स्वतःच ठरवलेला दर्जा. सरकारी कसोटीशी त्याचा संबंध नाही.

खऱ्या चांदीचा शिक्का कसा असतो?

इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू विकण्यापूर्वी ती तपासणी कचेरीत पाठवावी लागे. तेथे कस पाहून शिक्के मारत. सामान्यतः असे चार शिक्के असतात : पाऊल उचलून चालणारा सिंह (स्टर्लिंग चांदी), कचेरीची खूण (लंडनसाठी बिबळ्याचे तोंड, बर्मिंगहॅमसाठी नांगर, शेफील्डसाठी मुकुट), वर्ष दाखवणारे एक अक्षर आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरे. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील कचेऱ्या १७७३ च्या कायद्याने स्थापन झाल्या. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत मॅथ्यू बोल्टन हे उद्योगपती आघाडीवर होते. जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्रामुळे आपण त्यांचे नाव ऐकलेले असते. लंडनच्या ज्या खाणावळीत मंडळी जमत तिचे नाव 'क्राउन अँड अँकर', म्हणून एका गावाला मुकुट मिळाला आणि दुसऱ्याला जहाजाचा नांगर, अशी आख्यायिका आहे. शेफील्डने १९७५ मध्ये मुकुट सोडून गुलाबाची खूण घेतली.

या शिक्क्यांचे महत्त्व इतके, की अठराव्या शतकाच्या मध्यावर खोटा शिक्का मारणाऱ्यास देहदंडाची तरतूद होती. १७७३ मध्ये ती बदलून १४ वर्षे काळ्या पाण्याची करण्यात आली.

मुलाम्याच्या मालावर मात्र हे शिक्के मारता येत नसत. म्हणून मुलामेवाल्यांनी युक्ती केली. आपली अक्षरे त्यांनी चार वेगवेगळ्या चौकटींत, खऱ्या शिक्क्यांसारखीच ओळीने ठोकली. दुरून पाहणाऱ्याला ती चार शिक्क्यांची ओळच वाटते. वरून कीर्तन, आतून तमाशा! याला आळा घालण्यासाठी १७७३ च्या कायद्याने मुलाम्याच्या मालावर अक्षरे ठोकण्यास बंदी केली. १७८४ मध्ये बंदी सैल झाली. शेफील्डपासून १०० मैलांच्या आतील मुलामेवाल्यांनी आपले नाव व एक चित्र तेथील कचेरीत नोंदवले, तर ते वापरण्यास परवानगी मिळाली. बोल्टन यांचे चित्र होते सूर्य. म्हणून जुन्या शेफील्ड मालावर खूण नसली तरी तो माल खोटा ठरत नाही. बंदीच्या काळात तो बनला असू शकतो.

कारखान्यांच्या खुणा

विजेच्या मुलाम्याच्या काळात शेकडो कारखाने निघाले. त्यांतील काहींच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत.

१. एल्किंग्टन, बर्मिंगहॅम : ढालीत 'ई अँड को.' व वर मुकुट. या कारखान्याने वर्षासाठीही अक्षर किंवा अंक ठोकण्याची पद्धत ठेवली होती.

२. वॉकर अँड हॉल, शेफील्ड : फडकणारे निशाण व त्यात आद्याक्षरे.

३. जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड : बिगुल.

४. मॅपिन अँड वेब : संपूर्ण नाव. उत्तम प्रतीच्या मालाला 'प्रिन्सेस प्लेट' हे व्यापारी नाव.

पण कारखाना ओळखला म्हणजे धातू ओळखला, असे नाही. विंबल्डनच्या महिला एकेरीतील विजेतीला जे प्रसिद्ध तबक देतात, ते एल्किंग्टनने १८६४ मध्ये बनवले. ते अस्सल स्टर्लिंग चांदीचे असून त्यावर काही ठिकाणी सोन्याचा मुलामा आहे. एकच कारखाना चांदीही घडवी आणि मुलामाही देई. म्हणून नेहमी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. कोणी बनवले? आणि कशाचे बनवले?

तिसरा प्रश्न, कोणासाठी बनवले? पाठीवर कधी दुकानाचे, आगगाडी कंपनीचे, जहाज कंपनीचे किंवा पलटणीच्या भोजनगृहाचे नावही असते. मुंबईच्या काळा घोडा भागात आजही 'आर्मी अँड नेव्ही' या नावाची इमारत उभी आहे. तेथे त्याच नावाचे इंग्रजी भांडार होते. अशा भांडाराचे नाव वस्तूवर असले, तर ते विकणाऱ्याचे नाव. बनवणारा निराळाच असतो.

वर्ष कसे काढावे?

येथे गुप्तहेरासारखे काम करावे लागते. एकेक खूण काळाची एकेक सीमा आखून देते.

वस्तूवर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल, तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळात झाली. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरे व अंक वर्ष, महिना, दिवस सांगतात. त्याऐवजी 'आर. डी. नं.' व पुढे आकडा असेल, तर नोंदणी १८८४ किंवा त्यानंतरची. नावापुढे 'लिमिटेड' असेल, तर वस्तू १८५५ नंतरची. 'इंग्लंड' हा शब्द असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले ते तेव्हापासून. मुलाम्याच्या मालावरचा मुकुट १८९० नंतरच्या दशकात बंद झाला, कारण तो शेफील्ड कचेरीच्या शिक्क्याशी घोटाळा करी.

समजा, एका किटलीवर ई. पी. एन. एस., आर. डी. नंबर आणि मुकुट आहे, पण 'इंग्लंड' नाही. तर ती १८८४ आणि साधारण १८९७ यांच्या दरम्यानची असावी, असा अंदाज बांधता येतो. चार खुणा मिळून शंभर वर्षांचा पल्ला बारा-तेरा वर्षांवर आला!

एक सापळा मात्र ओळखून असा. अमेरिकेतील पुष्कळ चमच्यांवर '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असे लिहिलेले असते. हे चमच्याचे वर्ष नव्हे. रॉजर्स बंधूंनी मुलाम्याचा धंदा सुरू केला ते वर्ष व्यापारी नावात घातले गेले. विसाव्या शतकात बनलेल्या चमच्यांवरही ते आहे. तसेच 'शेफील्ड प्लेट' असे शब्द स्पष्ट ठोकलेली वस्तू बहुधा जुन्या भट्टीच्या पद्धतीची नसते, तर नंतरच्या विजेच्या मुलाम्याची असते.

खुणा पुसल्या असतील तर?

मग आर्किमिडीजला हाक मारावी. चमचा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले की घनता मिळते. स्टर्लिंग चांदीची घनता सुमारे १०.४, तांब्याची ८.९६, निकेल सिल्व्हरची ८.७ च्या आसपास, ब्रिटानिया मेटलची ७.३ च्या आसपास. आपला ६२ ग्रॅमचा चमचा स्टर्लिंगचा असेल, तर पाण्यात तो सुमारे ६ ग्रॅमने हलका होईल. मुलाम्याचा असेल, तर सुमारे ७ ग्रॅमने. फरक एकाच ग्रॅमचा. म्हणून काटा चांगला हवा आणि चमच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकलेले हवेत. पोकळ मुठीच्या सुऱ्यांना हा प्रयोग लागू पडत नाही, कारण मुठीत राळ भरलेली असते आणि पाते पोलादाचे असते.

दुसरी कसोटी उष्णतेची. चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक असलेली धातू. निकेल सिल्व्हरची वाहकता तिच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दोन चमचे एकाच वेळी गरम पाण्यात उभे करा. चांदीच्या चमच्याचे टोक पटकन तापेल, मुलाम्याचे रेंगाळेल. पण आत तांबे असेल तर ही कसोटी फसते, कारण तांबेही जवळजवळ चांदीइतकेच चांगले वाहक आहे. एका कसोटीवर निकाल देऊ नये, तो याचसाठी.

लोहचुंबकही जवळ ठेवावा. वस्तू चिकटली तर आत पोलाद आहे. निकेल सिल्व्हरमध्ये निकेल असूनही ते चुंबकाला चिकटत नाही, हेही पाहून ठेवा. कानशीने घासणे किंवा ॲसिड लावणे मात्र कटाक्षाने टाळा. ३६ मायक्रॉनच्या थराला ती शिक्षा फार मोठी आहे.

घासू नका, परत मिळवा

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइड तयार होते. रांगोळीने किंवा राखेने घासले की काळेपण जाते, पण सल्फाइडमधली चांदीही त्याबरोबर जाते. दर सणाला असे घासत राहिले, की आधी खुणा पुसट होतात आणि मग आतला धातू डोकावतो. तो तांबे असेल, तर चिंच-लिंबाचे पदार्थ त्यात ठेवणे बरे नाही. कल्हई उडालेल्या भांड्याचा नियम येथेही लागू आहे.

त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात गरम पाणी व दोन चमचे धुण्याचा सोडा घाला आणि वस्तू पातेल्याच्या तळाला टेकेल अशी बुडवा. ॲल्युमिनियम हे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील. ते सल्फाइडमधील चांदीला मोकळे करते आणि बरीचशी चांदी वस्तूवरच परत बसते. थोडा कुजक्या अंड्यासारखा वास येईल, म्हणून खिडकी उघडी ठेवा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा आणि पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लाकडी किंवा चिकटवलेल्या मुठीच्या वस्तूंना हा उपाय करू नये.

करून पहा

घरातील, शेजारच्या किंवा शाळेच्या बक्षीस-कपाटातील पाच जुन्या वस्तू परवानगीने पाहा. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा उजेड घ्या. वहीत चार रकाने आखा : दिसलेली खूण जशीच्या तशी काढलेली, तिचा अर्थ, तिच्यावरून ठरणारी काळाची सीमा आणि घनता. कशाचे, कोणी, कोणासाठी, केव्हा, या चार प्रश्नांची उत्तरे पुराव्यासह लिहा. पुरावा नसेल तेथे जागा कोरी ठेवा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २००० साली सोन्यासाठी व २००५ साली चांदीसाठी हॉलमार्कची योजना सुरू केली. त्या खुणेचा एखादा दागिना किंवा नाणे घरी असेल, तर त्यावरचा त्रिकोण व कसाचा आकडाही भिंगातून पाहून घ्या.

शिक्षकांनी वर्गात एक मुलाम्याचा चमचा नुसता फिरवला, तरी त्यावर आर्किमिडीज, फॅराडे आणि शेफील्डच्या भट्टीवरचा एक कारागीर, असे तिघांचे धडे शिकवता येतील. आणि उद्या एखाद्या घरात जुनी भांडी मोडीला निघाली, तर त्यांतली कोणती चांदीच्या भावाने द्यायची आणि कोणती नाही, हे त्या घरातला नववीतला मुलगा किंवा मुलगी भिंग घेऊन सांगू शकेल.